मजूर आधी लॉजवर, की थेट वावरात?

काटोल तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदाराचं पत्र आहे. मृग बहाराच्या तोडणीला त्यांच्याकडे दरवर्षी मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातून एकाच मुकादमाची टोळी येते: २४ मोठी माणसं आणि चार-पाच लेकरं. २०२१च्या फेब्रुवारीत टोळी आली, सगळे एकाच गोदामात राहिले आणि १९व्या दिवशी पहिल्याला ताप भरला. आठवडाभरात नऊ जण आडवे झाले, तोडणी थांबली, व्यापाऱ्याने भाव पाडला आणि ‘बाहेरून रोग आणला’ म्हणून गावाने बोल लावला. आता त्यांची शेतकरी उत्पादक कंपनी पुढच्या साथीसाठी लेखी योजना करते आहे. बहुतेक संचालक म्हणतात, नागपूरजवळच्या एखाद्या लॉजशी आताच बोलून ठेवावं, टोळीला १४ दिवस तिथे ठेवावं आणि मगच गावात आणावं. खोली दिवसाला १,००० रुपये, दोघांत एक. जेवण माणशी २००. मुकादम मात्र त्या १४ दिवसांची रोजीही मागतो, माणशी ४५०. ‘राहायला देऊ, खायला देऊ, वर बसल्याची रोजी कशाची?’ असा पत्रलेखकाचा सवाल आहे. घरचे म्हणतात, वावरातच ठेवा. ऐकावं कोणाचं?

भाऊ, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. पहिला ताप १९व्या दिवशी. कोरोनाची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा पाच-सहा दिवस लागत. १४ ही वरची मर्यादा धरलेली होती. म्हणजे त्या पहिल्या माणसाला लागण झाली ती तुमच्याकडे आल्यावर, बहुधा इथल्याच कोणाकडून. दुसरी एक शक्यता उरते. टोळीतल्या कोणीतरी आजार आणला, त्याला स्वतःला काहीच जाणवलं नाही, त्याच्याकडून दुसऱ्याला गेला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला, आणि गोदामात असा फिरत फिरत १९व्या दिवशी तापाच्या रूपाने उघडा पडला. दुसरी गोष्ट खरी असेल तर लॉजने थोडाफार उपयोग झाला असता. पहिली खरी असेल तर काहीच नाही. गोदामात २४ जण एकत्र झोपले नसते, तर मात्र दोन्ही वेळा फरक पडला असता.

ते दिवसही आठवा. फेब्रुवारी २०२१मध्ये दुसरी लाट उसळली ती आपल्याच भागातून. अमरावतीत २२ फेब्रुवारीपासून टाळेबंदी लागली, नागपूर शहरात १५ ते २१ मार्च पुन्हा सगळं बंद होतं. त्या दिवसांत खरी धास्ती मंडल्याच्या माणसाने नागपूरची घ्यायची होती. तुमच्या बागेत रोज येणाऱ्यांची यादी करा: व्यापारी, त्याचे हमाल, गाडीचा ड्रायव्हर, कॅरेट आणून देणारा, तुम्ही स्वतः नागपूरच्या कळमना बाजारात जाऊन आलेले. यातल्या कोणाला १४ दिवस लॉजवर ठेवायचं कोणी सुचवलं नाही. सुचवणं शक्यही नाही, मला कळतं. पण मग योजना अशी हवी, की आजार कोणाकडूनही आला तरी तो सहा माणसांच्या एका गटापुढे जाणार नाही.

लॉजच्या चार भिंतींवर आपला जरा जास्तच विश्वास आहे. मेलबर्नमध्ये २०२०च्या मे-जूनमध्ये परदेशातून आलेल्या प्रवाशांना हॉटेलात ठेवलं होतं, दारावर पहारा होता. तिथल्या दोन हॉटेलांतून कर्मचाऱ्यांमार्फत विषाणू शहरात गेला आणि व्हिक्टोरिया राज्याची दुसरी लाट तिथून पसरली. चहा-जेवण पोचवणारा, चादरी उचलणारा, पहारा देणारा रोज संध्याकाळी आपल्या घरी जातो. तुमच्या लॉजवरचा पोऱ्या तर त्याच दिवशी खालच्या हॉलमधल्या लग्नातही वाढायला जाईल.

शेतमजुरांच्या बाबतीत दोन देशांनी काय केलं ते सांगतो, कारण दोघांनी वेगळ्या वाटा धरल्या. कॅनडात बाहेरून येणाऱ्या मजुरांना १४ दिवस वेगळं राहणं सक्तीचं होतं. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने त्यांना सरकारी खर्चाने हॉटेलात ठेवलं. त्या देशात मालकाला या दिवसांची मजुरी आठवड्याला किमान ३० तासांच्या हिशेबाने द्यावी लागे आणि केंद्र सरकार मालकाला मजुरामागे १,५०० डॉलरपर्यंत मदत करी. तरीही २०२०मध्ये ऑन्टारियो प्रांतात शेतांवर मोठे उद्रेक झाले आणि तीन मेक्सिकन मजूर दगावले. १४ दिवस काढून झाल्यावर माणसं पुन्हा गर्दीच्या झोपायच्या खोल्यांतच गेली होती. जर्मनीने एप्रिल-मे २०२०मध्ये मुख्यतः रुमानियातून विमानाने मजूर आणायला परवानगी दिली, दोन महिन्यांत मिळून ८० हजारांपर्यंत. तिथे पहिल्या दिवसापासून काम होतं, पण पहिले १४ दिवस छोट्या गटात, बाकीच्यांपासून वेगळं आणि शेताबाहेर न जाता. तिथेही सगळं सुरळीत झालं असं नाही. पण तुमच्या बागेला जवळची वाट ही दुसरी आहे. तुमचं वावर उघडं आहे, हवा खेळती आहे, आणि संत्र्याच्या झाडावर दोन माणसं तशीही तोंडाला तोंड लावून काम करत नाहीत.

आता हिशेब. २४ जण, १२ खोल्या, १४ दिवस: १,६८,००० रुपये. जेवण ६७,२००. मुकादमाची मागणी धरली तर रोजीचे १,५१,२००. एकूण ३,८६,४००, आणि एवढं करून एकही कॅरेट भरलेलं नाही. म्हणजे ‘बसल्याची रोजी’ तुम्हाला टोचते आहे ती लॉजमुळे. बसवायचं तुम्हीच ठरवलंत म्हणून. मुकादमाची मागणी मात्र चुकीची नाही. तो माणूस मंडल्याहून निघतो तो या दोन महिन्यांच्या कमाईवर घरचं धान्य, उचल आणि होळी भागवायला. १४ दिवस बिनपगारी बसवलंत तर तो दुसऱ्याच्या बागेत जाईल. नाही गेला तर त्याहून वाईट: गेल्या आठवड्यात घरी कोणी आजारी होतं का, या प्रश्नाला टोळीतला प्रत्येक जण ‘नाही’ म्हणेल.

रोजीचा प्रश्न मला तिथे नाही, पुढे जास्त महत्त्वाचा वाटतो. कॅरेटमागे पैसे मिळणारा माणूस ताप अंगावर काढतो. सकाळी पॅरासिटामॉल घेतो, दुपारपर्यंत तोडतो आणि रात्री पाच जणांच्या मध्ये झोपतो. त्यामुळे योजनेत पहिलं वाक्य हे लिहा: ताप, खोकला, घसा किंवा जुलाब सांगणाऱ्याला त्या दिवसापासून पूर्ण रोजी मिळेल, दहा दिवसांपर्यंत, मुकादमाच्या हिशेबात न कापता. चार जण आजारी पडले असं धरलं तरी ४ × १० × ४५० म्हणजे १८,००० रुपये. हे पैसे कंपनीने सभासदांकडून कॅरेटमागे थोडे थोडे आधीच बाजूला काढावेत. साथ आल्यावर एकट्या बागायतदाराच्या खिशातून ते निघत नाहीत. आणि पैसे थेट मजुराच्या खात्यात किंवा हातात. मुकादमाच्या हातून गेले तर उचलीत वळते होतात.

मग वावरात ठेवायचं कसं? २४ जणांचे सहा-सहाचे चार गट करा. गट तुम्ही पाडू नका, मुकादमाला आणि बायांना पाडू द्या. एका घरची माणसं आणि लेकरं एकाच गटात. कागदावरचा सुबक गट रात्री मोडतो, कारण बहीण या खोलीत आणि भाऊजी त्या खोलीत. प्रत्येक गटाला वेगळी झोपायची जागा, वेगळी चूल, वेगळा पाण्याचा ड्रम, आपापल्या कात्र्या, आपली शिडी. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत तीनच माणसं मावतात; सहा जणांना दोन खोल्या किंवा एक खोली आणि बाजूंनी उघडा ताडपत्रीचा मांडव. गोदाम वापरायचंच असेल तर एकाच गटाला द्या, आणि रात्री शटर अर्धं तरी वर राहील अशी जाळी लावून घ्या. साप-विंचवाच्या भीतीने माणसं शटर पूर्ण ओढतात आणि सगळी हवा तिथेच अडते.

संडास हा बहुतेक योजनांचा कच्चा दुवा. २० माणसांमागे एक हा संकटकाळातला किमान हिशेब मानतात. गट वेगळे ठेवायचे तर दोन गटांत एक तरी हवा, म्हणजे तुम्हाला दोन. पुसायला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर एक लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम, दहा-पंधरा मिनिटं बसू द्या, वरचं निवळ घ्या. रोज ताजं करा, दुसऱ्या दिवशी त्यात जोर राहत नाही. संडास धुण्याचं ॲसिड त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. पिण्याच्या टाकीला ग्रामपंचायत टाकते तेवढंच, हजार लिटरला पाच ग्रॅम.

दिवसांची मोजणी गटाची असते, माणसाची नाही. नवव्या दिवशी गटातल्या एकाला लागण निघाली तर त्या गटाचे दिवस पुन्हा पहिल्यापासून. बाकी तीन गट आपल्या ठरलेल्या दिवशी मोकळे. हेच २४ जण एकत्र असते तर सगळेच अडकले असते. मुकादमाने सहाव्या दिवशी ‘अजून चार माणसं आली’ म्हणून कुठल्याही गटात घुसवली तर त्या गटाचीही मोजणी नव्याने सुरू. हे त्याला फोनवर, निघायच्या आधी सांगा. गाडीतही तसंच: एका पिकअपमध्ये सगळे कोंबून मंडला-सिवनी-खवासा मार्गे सात-आठ तास आले, तर उतरल्यावर गट पाडण्यात अर्थ उरत नाही. दोन गाड्या करा, ताडपत्री बाजूंनी उघडी ठेवा.

गट नेमके कुठे फुटतात? तोडणीत नाही. प्रतवारीच्या ढिगाभोवती, कॅरेट मोजताना आणि संध्याकाळच्या हिशेबाला. ढीग एकच असला तर माणसं समोरासमोर बसतात. म्हणून प्रत्येक गटाचा ढीग वेगळा, मांडवाला बाजू नाहीत आणि सगळे ढिगाच्या एकाच अंगाला. भरलेले कॅरेट बांधावर ठेवून गट मागे सरला की हमाल उचलतील. ही अट व्यापाऱ्याशी सौदा करतानाच घाला. सौदा झाल्यावर तो ऐकत नाही. ड्रायव्हर गाडीतून उतरणार नाही, हिशेब गटाच्या एकाच माणसाशी, उघड्यावर.

माणसं वावराबाहेर का जातात, तेही पाहा. पहारा ठेवून हे थांबत नाही. घरी पैसे पाठवायचे असतात, रिचार्ज मारायचा असतो, आठवडी बाजार असतो आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी, संपलेला असतो. पहिल्या तिन्हींची सोय करता येते: एका माणसाने यादी घेऊन बाजार करायचा, पैसे पाठवायला आठवड्यातून एकदा बँक मित्र बांधावर बोलवायचा. खर्र्याचं मी गोड बोलणार नाही. एक पुडी चार जणांत फिरते, त्यावर गटांच्या सगळ्या रेषा पुसल्या जातात. बंद करू शकणार नसाल तर ज्याची त्याची पुडी वेगळी, एवढं तरी. आणि रोज मोहाची घेणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापणं, झटके, भ्रम होऊ शकतो. तो साथीचा आजार नसतो, पण जीवघेणा असतो, लगेच दवाखाना. लॉजच्या बंद खोलीत हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

धान्य: मंडल्याची माणसं रेशनकार्डधारक असतील तर कार्ड नंबर आणि आधार घेऊन यायला सांगा. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही १ जानेवारी २०२०पासून आहेत, तुमच्या गावच्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. पण माणशी महिन्याला पाच किलोवर शिडी चढणारा माणूस राहत नाही. बाकीचं तांदूळ, डाळ, तेल तुम्ही भरा.

तब्येतीचं पहिल्याच दिवशी आशाताईसमोर विचारून घ्या: कोणाला सिकलसेल आहे, कोण क्षयाच्या गोळ्या घेतं, कोण बाई गरोदर आहे. मंडला आणि आपला पूर्व विदर्भ, दोन्हीकडे सिकलसेल मोठा आहे. अशा माणसाला थंडी आणि पाणी कमी पडणं दोन्ही बाधतं, दुखण्याचा झटका येतो. लॉजवर एसी लावून ठेवलंत तर तुम्हीच तो ओढवून आणाल. क्षयाच्या गोळ्यांत खंड पडता कामा नये, त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात निक्षय क्रमांक (क्षयरुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) दाखवायचा.

रोज सकाळी कामाआधी आणि संध्याकाळी थंडावल्यावर ताप मोजा. उन्हातून आलेल्याच्या कपाळावर ताप मोजायची बंदूक धरली तर सगळेच तापलेले दिसतात. काखेतला साधा डिजिटल थर्मामीटर बरा, गटाला एक. श्वासाचा आजार असेल तर ऑक्सिमीटरही हवा. बोट धुऊन, चोळून गरम करून, मिनिटभर थांबून आकडा घ्या. मेंदी, नेलपेंट, घट्टे पडलेली बोटं खोटा आकडा देतात, दुसरं बोट बघा. बसल्यावर ९४च्या खाली, किंवा सहा मिनिटं चालल्यावर तीनपेक्षा जास्त उतरला, तर १०८ला फोन. आणि प्रत्येक ताप साथीचाच नसतो. मलेरिया, डेंग्यू आणि गवतातल्या किड्यातून येणारा स्क्रब टायफस आपल्याकडे आहेच. काखेत, जांघेत काळी खपली दिसते का ते डॉक्टरांना बघायला सांगा.

लॉज पूर्ण सोडून देऊ नका. दोनच खोल्या बोलून ठेवा. १४ दिवसांचे २८,००० होतात. तापलेल्या माणसासाठी, चाचणीचा निकाल येईपर्यंत आणि पुढे डॉक्टर सांगतील तोवर. खोली निवडताना बाहेरच्या हवेत उघडणारी खिडकी, आतच संडास-मोरी, तळमजला, आणि लग्नाच्या हॉलपासून लांब. जेवण दाराबाहेर ठेवून पोऱ्या निघून गेला की दार उघडायचं, शेजारची दोन दारं एकाच वेळी नाही. लॉजवर स्वयंपाकाला परवानगी मागू नका, बंद खोलीत शेगडी पेटली की आगीचा धोका. लेकराची आई आजारी पडली तर लेकरू कोणाजवळ राहील, हे तिलाच आधी विचारून लिहून ठेवा.

चाचणी आल्या आल्या केली आणि नकारात्मक आली म्हणून गट मोकळा करू नका. कोरोनाच्या वेळी लक्षणं नसलेल्या संपर्कातल्यांची चाचणी पाचव्या ते दहाव्या दिवसात करा असं सांगितलं जायचं, कारण त्याआधी लागण असूनही सापडत नाही. योजनेत ‘१४’ हा आकडाही कोरू नका. फ्लूची लक्षणं एक ते चार दिवसांत दिसतात. कोरोनातही जानेवारी २०२२पर्यंत सौम्य रुग्णाचं घरचं विलगीकरण सात दिवसांवर आलं होतं. ‘आरोग्य विभाग सांगेल तेवढे दिवस’ असं लिहा आणि पैशांची तजवीज सात, दहा आणि चौदा अशी तीन पद्धतींनी करा.

एका गोष्टीत मात्र मवाळपणा नको. तुमच्या संचालकांपैकी कोणी ‘बाहेरून कुलूप लावू’, ‘आधार जमा करून घेऊ’ म्हणत असेल तर तिथेच थांबवा. माणसाला कोंडून ठेवायचा अधिकार खाजगी मालकाला नाही. साथीच्या काळात तसा आदेश प्रशासन काढतं, १८९७चा साथरोग कायदा आणि २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्यासाठी आहे. उचल दिलेल्या मजुराला त्याच्या मर्जीविरुद्ध अडकवून ठेवलंत, तर १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, हेतू कितीही चांगला असो. प्रशासनाने संस्थात्मक क्वारंटाइनचाच आदेश काढला तर वावरातली ही व्यवस्था बाजूला ठेवून तो पाळायचा. योजनेचा कागद तहसीलदार, तालुका आरोग्य अधिकारी आणि ग्रामपंचायत तिघांना आधीच देऊन पोच घ्या. टोळीशी होणारा करार हिंदीत करा आणि मुकादमाबरोबर टोळीतल्या दोन बायांनाही वाचून दाखवा. गोंडी बोलणारी आशा किंवा शिक्षक मिळाला तर उत्तम.

गाव बोट दाखवेल, हे धरूनच चाला. टोळी येण्याच्या आठ दिवस आधी सरपंचांना वावरात आणून चार चुली, दोन संडास दाखवा, आणि गावातला कोणी आजारी पडला तर मजुरांना कसं कळवणार ते त्यांनाच विचारा. २०२१ला तुमच्या टोळीला तसं कोणी कळवलं होतं असं पत्रात दिसत नाही.

वेळेचं एवढंच, की मृग बहाराची तोडणी होळीला जाऊन भिडते आणि मंडल्याची माणसं होळीला घरी जातात, तोडणी अर्धी राहिली तरी. क्वारंटाइनचे दिवस होळीपासून मागे मोजत या आणि टोळीला त्या हिशेबाने बोलवा. संडासांचे खड्डे पावसाळ्याआधी खणून बघा. तुमच्याकडची काळी माती पावसात खचते, वरचे चार फूट तरी विटांनी बांधून घ्यावे लागतील.